सरासरीच्या पावसात पीक येत नाही

(अमरावती-अकोला जिल्ह्यांच्या बैठकीत वलगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाव, कर्ज, वीज यांवर या बैठकीत बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बोलतीलच. आपल्याला आता आभाळाविषयी बोलायचे आहे. तुम्ही म्हणाल, आभाळाचे काय बोलायचे? मोर्चा काढला म्हणून पाऊस येत नाही आणि ठराव केला म्हणून खंड संपत नाही. खरे आहे. पाऊस आपल्या हातात नाही. पण पावसाचा हिशेब आपल्या हातात येऊ शकतो, आणि तो हिशेब आज आपण दुसऱ्याच्या हाती देऊन बसलो आहोत. पीक बुडाले की नाही, मदत द्यायची की नाही, हे तो हिशेब ठरवतो. वावरात उभी पऱ्हाटी माना टाकते आणि कागदावर पाऊस मात्र 'सामान्य' असतो. हे कसे होते ते आज समजून घेऊ.

निश्चित पावसाचा मुलूख!

आम्ही शेतकी शिकलो तेव्हा पुस्तकात महाराष्ट्राचे नऊ हवामान विभाग होते. आजही तेच आहेत. त्यात बुलढाणा जिल्हा आणि अकोला-अमरावतीचा बराचसा भाग ज्या विभागात टाकला आहे, त्याचे नाव आहे 'निश्चित पावसाचा विभाग'. वर्षाला ७०० ते ९०० मिलिमीटर. दुबार पेरणी करून बसलेल्या माणसाला हे नाव वाचून दाखवा, तो काय म्हणेल ते इथे सांगायला नको.

नाव ठेवणारे खोटे बोलले नाहीत. नगर-सोलापूरच्या अवर्षणाच्या पट्ट्याशी तुलना केली तर आपल्याकडे पाऊस जास्त आहे आणि वर्षाची बेरीज बहुतेक साली बऱ्यापैकी जमते. पण त्या नावातली खात्री बेरजेची आहे. पीक बेरजेवर जगत नाही. पीक रोजच्या पाण्यावर जगते. चार महिन्यांची बेरीज आणि रोजची गरज यांत जी दरी आहे, तिच्यात वऱ्हाडचा कोरडवाहू शेतकरी पडतो.

आपला मुलूख बसला आहे कसा ते पाहा. उत्तरेला मेळघाटचे डोंगर, दक्षिणेला बालाघाट म्हणजे अजिंठ्याची रांग, आणि मध्ये पूर्णेचे खोरे, जुन्या माणसांचा पयनघाट. वलगावची पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी समुद्राला. चिखलदऱ्याला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, खाली सपाटीवर, त्याच्या निम्म्यावर समाधान मानायचे. एकाच जिल्ह्यात ही गत. मग जिल्ह्याची सरासरी कोणाची? ती चिखलदऱ्याचीही नाही आणि वलगावचीही नाही. सरासरीला वावर नसते.

आपल्याला पाऊस देते कोण? अरबी समुद्राकडून येणारा वारा सह्याद्रीवर रिता होतो आणि पुढे उरलेले आपल्याकडे आणतो. जुलै-ऑगस्टचा आपला भरवशाचा पाऊस बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागरातून येतो. तिकडे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तो ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकतो आणि दोन-चार दिवस आपल्याला भिजवून जातो. एक गेला की दुसऱ्याची वाट पाहायची. कधी पावसाची आस उत्तरेकडे सरकते आणि हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसते. मग बिहार-आसामात पूर आणि आपल्याकडे कोरडे ऊन, सुटलेला वारा. यालाच आपण खंड म्हणतो. खंड हा अपघात नाही. तो मान्सूनच्या चालीतच आहे. दरवर्षी तो येणार. प्रश्न एवढाच की केव्हा येणार, किती दिवस राहणार, आणि तो आला तेव्हा तुमच्या जमिनीच्या पोटात किती पाणी असणार.

मिलिमीटर म्हणजे किती?

मिलिमीटर हा शब्द रेडिओवर ऐकतो आणि सोडून देतो. तो आपल्या भाषेत आणू. एक एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडले. पंचवीस मिलिमीटर म्हणजे एकरी एक लाख लिटर. टँकर लावून आणायचे ठरवले तर दहा हजार लिटरचे दहा टँकर. तेवढे पाणी एका चांगल्या पावसात फुकट येते. त्यातले किती मुरले आणि किती धुऱ्यावरून नाल्यात गेले, हा खरा सवाल आहे.

आता खर्चाची बाजू. पऱ्हाटी ऑगस्टमध्ये भरात असली आणि ऊन पडले की जमीन आणि पीक मिळून दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी उडवतात. म्हणजे एकरी रोज सोळा ते वीस हजार लिटर. हे पाणी जमिनीच्या खात्यातून जाते.

खाते किती मोठे? मीटरभर खोल काळी जमीन पिकाला लागू पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठवू शकते. फूटभर खोलीची बरड, मुरमाड जमीन चाळीस-पन्नास. दोन्ही जमिनी काठोकाठ भरल्या आणि दुसऱ्या दिवसापासून पाऊस उघडला, तर हलक्या जमिनीचे खाते दहा-बारा दिवसांत रिकामे. भारी जमीन महिनाभर तग धरते. पीक तर खाते रिकामे व्हायच्या आधीच दमते, पाती-फुले गाळते. वीस दिवसांचा एकच खंड, गाव एक, धुरा एक, पण धुऱ्याच्या अलीकडे बोंडे आणि पलीकडे काड्या. मग तलाठ्याने गावाची एकच पैसेवारी लिहिली तर ती कोणाची खरी?

आता दोन साले घ्या. समजा दोन्ही साली पाऊस ७५० मिलिमीटर. पहिल्या साली मृगापासून हस्तापर्यंत दर आठ-दहा दिवसांनी पडत गेला. दुसऱ्या साली पुनर्वसूत दोन दिवसांत २०० मिलिमीटर कोसळला, नंतर पुष्य आणि आश्लेषा कोरडी गेली, आणि उत्तरेत पुन्हा धो धो. पहिल्या साली घरात कापूस ठेवायला जागा नाही. दुसऱ्या साली माती वाहून गेली, पीक वाळले, आणि उत्तरेच्या पावसात उरलेली बोंडे सडली. कागदावर दोन्ही साले सारखीच. सरासरी शंभर टक्के!

सरकारी मोजमाप

हवामान खात्याच्या भाषेत हंगामाचा पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्क्यांपर्यंत कमी असला तरी तो 'सामान्य'. देशाचा अंदाज बांधायला ही भाषा चालते. तुमचे वावर वाचायला ती पुरत नाही.

२०२३ चे साल आठवा. त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. वऱ्हाडही त्यातून सुटला नाही. कपाशी पात्यावर, सोयाबीन शेंगेवर, आणि आभाळ कोरडे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बुलढाणा जिल्ह्यातले बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतला एकही नव्हता. पुढे नोव्हेंबरात राज्यातल्या नऊशेहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. तिची कसोटी कोणती? हंगामाचा एकूण पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि शिवाय ७५० मिलिमीटरहून कमी. पुन्हा बेरीजच! खंड किती दिवसांचा होता, तो पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला, हे या कसोटीने विचारलेच नाही.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत खंडाचा विचार आहे. तीन-चार आठवडे सलग पाऊस निम्म्याहून कमी पडला तर तो धोक्याचा इशारा मानावा, असे तिच्यात लिहिले आहे. म्हणजे जाणकारांना खंड कळतो. पण तो मोजायचा कुठे? २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, राज्यभर दोन हजारांवर. हे पाऊल चांगले होते, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण एका मंडळात कितीतरी गावे येतात, आणि श्रावणातली सर एका धुऱ्यावर पडते तर दुसऱ्या धुऱ्यावर धूळ उडते. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी, ही रेषाही मंडळाच्या केंद्रावरच मोजतात. केंद्रावर ६० पडला आणि तुमच्या गावात ९० पडून वावर खरडून गेले, तर तुम्ही सांगणार कशाच्या जोरावर? 'खूप पडला साहेब' असे म्हणून पंचनामा होत नाही.

विम्याचेही तेच. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता. २०२५ मध्ये ती योजना बंद झाली, पुन्हा हप्ता आला आणि भरपाईचा भर पीककापणी प्रयोगांवर गेला. प्रयोगाचा प्लॉट भारी जमिनीत पडला तर बरड जमिनीवाल्याचे नुकसान दिसणारच नाही. तेव्हा तुमच्या हातात स्वतःची नोंद नसेल तर तुम्ही बोलू शकाल, पण कोणी ऐकणार नाही.

काय बदलले?

म्हातारी माणसे म्हणतात, मृग आता पूर्वीसारखा राहिला नाही. यात नक्षत्राचा दोष नाही. सूर्याचा मृगप्रवेश ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे जातो. म्हणजे आजोबांच्या मृगात आणि आपल्या मृगात एका दिवसाचा फरक. बदल झाला आहे तो पाऊस पडण्याच्या तऱ्हेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००६ साली १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की मध्य भारतात मुसळधार पावसाचे प्रसंग वाढले, मध्यम पावसाचे घटले, आणि एकूण बेरीज मात्र जवळपास तीच राहिली. शेतकऱ्याला जो पाऊस हवा तो मध्यम पाऊस. मुरणारा. तोच कमी झाला. बेरीज पाहणाऱ्याला यात काहीच घडलेले दिसत नाही.

उन्हाचे सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला आणि जिल्हा प्रशासनाला उन्हासाठी १४४ कलम लावावे लागले. दंगलीसाठी लावायचे कलम उन्हासाठी! तसा आपला उन्हाळा नुसता वैरी नाही. काळ्या जमिनीला ज्या भेगा पडतात त्यांतून पहिला पाऊस खोल उतरतो, आणि नांगरलेल्या वावरात किडींचे कोष भाजून निघतात. पण जूनमध्ये पाऊस लांबला की तेच ऊन कोवळ्या रोपाला जाळते.

खारपाणपट्ट्यातल्या भावांचे दुखणे वेगळे आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत सुमारे पावणेपाच लाख हेक्टर जमीन खाऱ्या पाण्यावर बसली आहे. तिथे खंड पडला की विहिरीकडे पाहता येत नाही. विहिरीचे पाणी दिले तर पीक सुकते आणि जमीन चिबडते. तिथे आभाळाचे गोडे पाणी हाच आधार.

जुने शहाणपण, नवे बियाणे

आपल्या बापजाद्यांकडे हवामानाचे पुस्तक नव्हते, पण त्यांची पेरणीची पद्धत म्हणजे हवामानाचे पुस्तकच होते. गावरान ज्वारी घ्या. ती मृगात पेरा की आर्द्रेत, दिवस लहान होऊ लागल्यावर ठरल्या वेळीच निसवत असे. दाणा भरे तेव्हा पाऊस उघडलेला असे, म्हणून कणीस काळे पडत नसे. पुढे संकरित ज्वारी आली. देशातला पहिला संकर सीएसएच-१ हा १९६४ चा. उत्पन्न वाढले, पोटे भरली, हे मान्यच केले पाहिजे. पण ती लवकर निसवू लागली, दाणा सप्टेंबरच्या पावसात सापडू लागला, ज्वारी काळी पडली आणि बाजारात तिला कोणी विचारेना. वऱ्हाडातून ज्वारी हटली आणि सोयाबीन आले, त्याला जी अनेक कारणे आहेत त्यांत हे एक आहे. ज्वारी गेली तसा कडबा गेला, आणि कडब्याबरोबर गोठ्यातले बैल गेले.

कापसाचेही तसेच. गावरानी कापूस आखूड धाग्याचा, पण लवकर येणारा आणि खंडाला दाद न देणारा. बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली ती संकरित वाणांत. त्यांतली पुष्कळ वाणे लांब मुदतीची. भारी जमिनीत, ओलिताच्या सोयीत ती शोभतात. बरड जमिनीत त्यांची बोंडे भरायची वेळ येते ऑक्टोबरात, पाऊस निघून गेल्यावर आणि जमिनीचे खाते रिकामे झाल्यावर. मग बोंड कवडीएवढे राहते आणि आपण बियाण्याला शिव्या देतो. बियाणे दुकानात एकसारखे मिळते. जमीन एकसारखी नसते.

यावर उत्तर विद्यापीठाकडे नाही असे नाही. १९६९ साली अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ झाले, तिथे कोरडवाहू शेतीवर स्वतंत्र संशोधन चालते. सहा तास कपाशी, एक तास ज्वारी, दोन तास तूर, एक तास ज्वारी ही त्यांचीच शिफारस. जुन्या मिश्र पेऱ्याला त्यांनी मापात बसवले. एकाला खंड भोवला तर दुसरे हाती लागावे, एवढाच त्याचा अर्थ. शिफारस पुस्तकात राहिली, कारण ज्वारीचे भाव आणि मजुरीचा खर्च यांचा मेळ बसत नाही. तो विषय भावाच्या चर्चेत येईल.

सातासमुद्रापलीकडचा धडा

आपल्यासारखाच कोरडवाहू कापूस आणि ज्वारी घेणारा एक मुलूख अमेरिकेत आहे. तिथल्या मध्यभागी उंच पठार आहे. टेक्सासमधल्या त्याच्या भागात लबक नावाच्या गावाभोवती कापूस आणि ज्वारी होते. पाऊस आपल्याहून कमी, पावणेपाचशे मिलिमीटरच्या आसपास.

१८७८ साली पॉवेल नावाच्या सरकारी सर्वेक्षकाने अहवाल दिला की देशाच्या पश्चिमेला वीस इंचांहून, म्हणजे पाचशे मिलिमीटरहून, कमी पावसाच्या मुलखात नुसत्या पावसावर शेतीचा भरवसा धरू नका. त्याचे कोणी ऐकले नाही. १८८० नंतर काही साले पावसाची गेली. जमिनी विकणारे आणि रेल्वेवाले सांगत सुटले की नांगर चालला की पाऊस मागून येतो. चांगल्या सालांनाच लोकांनी हवामान समजले. १८९० नंतर दुष्काळ पडला आणि घरेच्या घरे गाड्या जुंपून परत निघाली. पुढच्या पिढीने तेच पुन्हा केले. १९१० ते १९३० मध्ये पठारावरचे गवत उलथून लाखो एकर गहू पेरला. १९३० च्या दशकात पाऊस रुसला आणि उघडी माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ ला धुळीची अशी भिंत आली की भर दुपारी अंधार झाला. त्याच वर्षी त्यांच्या सरकारला मृदसंधारणाचे वेगळे खाते काढावे लागले.

पॉवेलचा आकडा खोटा नव्हता. पण आकडा शेतकऱ्याच्या हाती नव्हता, जमीन विकणाऱ्याची जाहिरात मात्र त्याच्या हाती होती. आपल्याकडे जाहिरात बियाण्याची आहे, एवढाच फरक. त्या पिशवीवर एकरी किती क्विंटल ते छापलेले असते. तुमच्या जमिनीची खोली आणि तुमच्या गावचा खंड तिच्यावर कोण छापणार?

करायचे काय?

पाच गोष्टी सांगतो, घरी जाऊन लागायच्या.

पहिली. प्रत्येक गावात पर्जन्यमापक. त्याला अनुदान लागत नाही. तोंडापासून बुडापर्यंत सरळ आणि सपाट बुडाचे कोणतेही भांडे चालते. काचेची सरळ बरणी घ्या किंवा पाइपाचा तुकडा बूड बंद करून घ्या. मोकळ्या जागी, तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील असे पक्के बसवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजा, लिहा, ओता. हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच बदलतो, म्हणून तीच वेळ पाळा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहा. ते शून्यच सर्वांत मोलाचे आहे, कारण खंड त्या शून्यांनीच सिद्ध होतो. अडीच मिलिमीटरच्या खाली पडला तर तो पावसाचा दिवस धरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

वहीची पाने नक्षत्रांप्रमाणे पाडा. नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे, खंड ओळखायला याहून चांगले माप नाही. एका पानावर मघा, दुसऱ्यावर पूर्वा. पान कोरडे गेले की कोणालाही एका नजरेत दिसते. शेवटी पीक कोणत्या अवस्थेत होते ते एका ओळीत लिहा. हे काम शाळेतली पोरे आणि आमच्या मायबहिणी सर्वांत चोख करतील. रोजचे काम नेमाने करायची सवय त्यांना आहे, आपल्याला नाही.

दुसरी. पहिल्या सरीवर तिफण काढू नका. वीस मिलिमीटर पावसाने वरची चार-सहा बोटे भिजतात आणि आठवड्यात वाळतात. ७५ ते १०० मिलिमीटर पडेपर्यंत थांबा. शेजाऱ्याने पेरले म्हणून आपण पेरायचे नाही. शेजारी दुबार पेरणीचे बियाणे आणून देत नाही. बरणी गावात असली तर हा निर्णय डोळ्यांनी घेता येईल, धीर धरायला आधार मिळेल.

तिसरी. पेरणीआधी आपल्या वावरात दोन-तीन ठिकाणी खड्डा खणून पाहा. मुरूम किती खोलीवर लागतो? हातभर खोलीच्या आत लागला तर तिथे लांब मुदतीचे वाण नको. कमी दिवसांची कपाशी, मूग, उडीद, ज्वारी-तूर यांचा विचार करा. खोल जमीन असेल तर कपाशीत तूर घ्या आणि निर्धास्त राहा. आपले पीक दुकानदाराने ठरवू नये, खड्ड्याने ठरवावे.

चौथी. पडेल ते पाणी धुऱ्याच्या आत. उताराला आडवी पेरणी करा. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने डवऱ्याला दोरी गुंडाळून तासाआड सऱ्या पाडा. मोठा पाऊस आला तर सरीत थांबेल, आणि भारी जमिनीत जास्तीचे पाणी त्याच सरीने निघूनही जाईल. खारपाणपट्ट्यात शेततळे हीच विहीर समजा. खंडात दिलेले एक गोडे पाणी पऱ्हाटीला बोंडे धरायला पुरते.

पाचवी गोष्ट मागणीची. गावागावांत प्रमाणित पर्जन्यमापक बसवा आणि त्याचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. दुष्काळ ठरवताना हंगामाच्या बेरजेबरोबर खंडाचे दिवस आणि पिकाची अवस्था धरा. पीककापणीचे प्रयोग हलक्या आणि भारी जमिनीत वेगवेगळे घ्या. या तीन मागण्यांत भीक काही नाही. आमचा पाऊस नीट मोजा, एवढेच म्हणणे आहे.

कोणी म्हणेल, आमच्या वहीला सरकार मान देईल का? पहिल्या वर्षी देणार नाही. एका गावाची वही म्हणजे एका माणसाची तक्रार. पण पन्नास गावांनी एकाच वेळेला, एकाच पद्धतीने मोजले आणि पन्नास वह्या एका टेबलावर ठेवल्या, तर समोरच्या साहेबाला आपला आकडा तपासावा लागेल. आणि समजा त्याने नाहीच मानले, तरी पाच वर्षांत तुमच्या गावचा खंड बहुधा केव्हा येतो आणि किती दिवस राहतो, हे तुम्हाला कळलेले असेल. ते ज्ञान तुमच्या पेरणीला उपयोगी पडेल, त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नाही.

या वलगावात, पेढीच्या काठी, २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. गाव घाण आहे म्हणून ते कोणाकडे अर्ज घेऊन गेले नाहीत. खराटा घेऊन झाडायला लागले आणि मग कीर्तनात लोकांना बोलले. बरणी आणि वही हा आपला खराटा आहे. आधी मोजू, मग बोलू.

रोहिणी लागायच्या आत बरण्या बसल्या पाहिजेत, म्हणजे मृगाचा पहिला थेंब हुकणार नाही. कोणत्या गावात वही कोण ठेवणार, त्यांची नावे आज उठायच्या आधी तालुक्याच्या कार्यकर्त्यांकडे द्या. हस्त संपला की सर्वांनी वह्या घेऊन जिल्ह्याच्या बैठकीला यायचे आहे. त्या बैठकीत पावसावर भाषण होणार नाही. गावागणिक वह्या वाचल्या जातील.